सिद्धेश्वरची दुकानातली पेटी

आमचा सिद्धेश्वर एका जागी कधी बसलाच न्हाय. ढोकीत ट्रॅक्टरच्या पार्टाची दुकानं हायती, तिथल्या कंप्यूटरची कामं करायचा. जेवताना बी डोकं तिकडंच. त्याची थोरली बहीण दैवशाला, ती त्याला म्हणायची, "आरं, भाकरी तरी बघून खा." तर ह्यो आमटीत बोट बुडवून ताटात रेघा वढायचा. "अक्का, ही पेटी इथं, ही तिथं."

पेटी म्हंजे सर्व्हर. जुन्या कंप्यूटरातनंच बनवायचा. दुकानाच्या कोपऱ्यात ठिवायची, माल किती उरला, कुणाच्या ट्रॅक्टरला काय बसवलं, समदं तिच्यात. नेट गेलं तरी दुकान चालू. आतलं सॉफ्टवेअर लोकांनी जगाला खुलं करून दिलेलं. ह्यानं त्यात मराठी घातलं आन् आपलं काम बी तसंच खुलं सोडलं, कुणी बी घ्या.

घोर एकच. "अक्का, म्या न्हाय गेलो की दुकान अडतंय. मंग म्या काय बनवलं?"

म्हणून एका दुकानाच्या हिशेबाची नक्कल दुसऱ्याच्या पेटीत ठिवायची ठरवली, कुलूप लावून, किल्ली म्हंजे पासवर्ड ज्याचा त्याच्याकडं. त्यातला एक दुकानदार हणमंतप्पा ऐकंना. समोरच्या दुकानातल्या गुरुसिद्धप्पाशी त्याचं बोलणं बंद.

"माझी गिऱ्हाइकं त्याच्या पेटीत? मंग माझा गल्ला बी तिकडंच ठिव की!"

"आप्पा, कुलूप हाय. त्याला दिसत न्हाय."

"त्याला भिंतीपल्याडचं बी दिसतंय."

खंडेनवमीला हणमंतप्पानं पाने, जॅक पुसून पूजले, पेटी बी पूजली. हळद-कुंकू, झेंडूची माळ. आन् नारळ फोडला तो तिच्याच डोक्यावर, चालू असताना. पाणी आत, पेटी गार.

सिद्धेश्वर पळत गेला, पर आतलं काय बी वाचलं न्हाय. ऊसतोडीचं तोंड, ट्रॅक्टरवाले दारात. पोळ्यापतूरची नक्कल ह्याच्या घरी हुती, पुढलं समदं ज्याला त्याला इचारून भरलं.

तवा हणमंतप्पा हळूच म्हणला, "ठिव बाबा त्याच्याकडं. पर म्या सांगितलं म्हणू नगं."

समोरनं गुरुसिद्धप्पा वरडला, "ऐकू येतंय मला!"

दुसरा खूश झाला असता. ह्यो न्हाय. नक्कल परत बसवायचं काम दुकानदारांच्याच हातनं करून घ्यायला लागला.

"तू हायस की! मला कशाला तरास?" हणमंतप्पा कावायचा.

"आप्पा, आजून एकदा."

गुढीपाडव्याच्या आधी येडशीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला टेम्पोनं उडवलं. जाग्यावरच गेला.

उन्हाळ्यात लाइटीचा दाब वाढला आन् हणमंतप्पाची पेटी जळाली. दैवशालाला कळलं तशी ती तडक निघाली. आता कोण बघणार, भावाचं नाव खराब हुणार, वाटंनं हेच डोक्यात.

दुकानात बघती तर हणमंतप्पा चष्मा लावून दुसऱ्या पेटीम्होरं फतकल मारून बसलेला. मागं गुरुसिद्धप्पा उभा. "आता किल्ली टाक. ती न्हाय लेका, मोठी! कितीदा शिकवलं त्यानं तुला!"

"तू तिकडं तोंड कर आधी. किल्ली बघतोस व्हय माझी?"

जरा वेळानं पडद्यावर समदं आलं. कालपतूरचं.

"बघा अक्का, चाललं!" हणमंतप्पा म्हणला.

दैवशाला व्हय म्हणली. चांगलंच झालं की, त्याला हेच तर पायजे हुतं. पर वाटंनं येताना तिच्या मनात दुसरं बी हुतं. अडलं तर कुणीतरी म्हणंल, सिद्धेश्वर असायला पायजे हुता. कुणी म्हणलं न्हाय. दोघं हसत हुते. तिच्यासाठी चहा सांगितला, पर तिला काय बसवंना.