टाकीचा पोळा

माझ्या भावाच्या थंड ट्रेलरला डिझेलच्या दोन टाक्या आहेत, आणि अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. ओढणाऱ्या गाडीला एक टाकी असताना मागच्या डब्याच्या पोटाखाली ही दुसरी कशाला? भावानं सांगितलं की डबा थंड ठेवणारं इंजिन वेगळं असतं, गाडी उभी असली तरी ते चालू राहावं लागतं, म्हणून त्याचं डिझेलही वेगळं. अण्णांनी मान डोलावली आणि नंतर मला हळूच म्हणाले, दोन तोंडांचं जनावर आणलंय यानं, वैरण पुरवता पुरवता नाकी नऊ येतील.

जनावर हा शब्द त्यांच्या तोंडी उगाच आला नव्हता. उमरीजवळच्या आमच्या घरची शेवटची बैलजोडी विकली गेली ती याच ट्रेलरच्या वेळी. गावाच्या गल्लीत त्याला वळायला जागा नाही, म्हणून तो फाट्यावर उभा राहायचा. तो आला की अण्णा बादली घेऊन फाट्यावर. चाकांत अडकलेले दगड काढ, आरसे पूस, चिखल खरवड. गोठा रिकामा झाला होता, पण सकाळी उठून कुणाकडे तरी जायची त्यांची सवय काही गेली नव्हती.

ती खालची टाकी कारखान्यातून आली तेव्हा फारच खाली टांगलेली होती. सपाट रस्त्याला ते ठीक. वजन खाली राहतं, उभ्या उभ्या डिझेल भरता येतं. आमच्याकडे मात्र ज्या गावाच्या मनात येईल तसा गतिरोधक असतो. धर्माबादच्या वाटेवर टाकीचं बूड घासायला लागलं, तेव्हा भावानं नांदेडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ती वर उचलून घेतली. खडे लागू नयेत म्हणून पुढून पत्रा लावला, खालून लोखंडी पट्ट्या. वर जागा उरली नाही, म्हणून तोंड तिरकं बाहेर काढलं आणि हवा आत जायला झाकणात दाभण जाईल एवढं भोक ठेवलं. हे सगळं वेल्डिंगवाल्यानं भावाला समजावलं. भावानं ते घरी कुणाला सांगितलं नाही. टाकीच्या भोकाची बातमी घरी काय सांगायची, असं कुणालाही वाटलं असतं.

त्या वर्षी पोळ्याला मी लातूरहून माहेरी आले होते, मुलीला घेऊन, गौरी-गणपती करूनच परतायचं म्हणून. आदल्या संध्याकाळी अण्णा वाटीत हळद-तूप घेऊन फाट्यावर गेले. गाडीचा खांदा कुठं असतो, असं त्यांनी भावाला विचारलं होतं, आणि त्यानं हसत ट्रेलर जिथं जोडतात ती जागा दाखवली होती. तिथं त्यांनी खांदेमळणी केली आणि बैलांना म्हणायचे तसंच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले, पण आवतन त्यांनी खरंखुरं दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिंगांसाठीचा उरलेला तांबडा ऑइलपेंट निघाला. नव्या वेल्डिंगला गंज धरायला लागला होता, तो अण्णांच्या डोळ्यांत सलत होता. त्यांनी टाकी घासली, पट्ट्या रंगवल्या, झाकणावर तर दोनदा हात फिरवला आणि वर गोंडा बांधला. भावाला बघून गंमत वाटली. पुरणपोळी खाऊन तो लातूरला गेला. तिथल्या डेअरीचा गणपतीसाठीचा खवा हैदराबादला न्यायचा होता.

टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही, आणि वाटेत थंडीचं इंजिन गुदमरून बंद पडलं. पुढे केबिनमध्ये बसलेल्या भावाला पत्ताच नाही. हैदराबादेत दार उघडलं तेव्हा आंबट वास आला. मेस्त्रीनं झाकण सैल केलं तशी टाकीनं सुस्कन हवा ओढली. डेअरीनं पुढच्या खेपा दुसऱ्याला दिल्या.

भाऊ घरी आला तो तळहातावर तांबड्या रंगाची एक खपली घेऊन. ती त्यानं अण्णांसमोर धरली.

"कुनी सांगितलं व्हतं तुमाला हात लावाया? हे बैल न्हाई, मशीन हाय. पुन्हा गाडीजवळ येऊ नका."

अण्णांनी खपली चिमटीत घेतली, उलटून पाहिली. मग म्हणाले, "भोक हाय म्हणून सांगितलं असतं, तं तेवढं सोडून रंगविलं असतं, बाबा."

तेलाचा डबा फोडताना पलीकडच्या कोपऱ्यातही एक भोक पाडायचं, नाहीतर तेल येत नाही, हे आम्हा दोघांना लहानपणी अण्णांनीच शिकवलं होतं.

खव्याचं दुःख लवकरच विरलं, दुसरं काम मिळालं. भावाला आपल्या बोलण्याचा पस्तावा झाला, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. पण ते एक वाक्य परत घेता आलं नाही. अण्णा फाट्यावर गेलेच नाहीत. मला याची फार हळहळ वाटते. चूक एवढीशी होती आणि तिनं म्हाताऱ्याची सकाळ नेली.

गेल्या पोळ्याला भावानं ट्रेलर पार वेशीपर्यंत आणला. झाकणाच्या भोकात आगकाडी खोचली, तांबड्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश अण्णांच्या पुढे केला. अण्णांनी ब्रश घेतला नाही.

"तूच लाव. मला आता बारीक दिसत न्हाई."

भावानं वेडावाकडा रंग लावला, ओघळ आले. अण्णा लांब पारावर बसून बघत राहिले. त्याच दिवशी सकाळी माझ्या मुलीच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं, आणि मला काही केल्या जमेना तेव्हा अण्णांनी सुई हातातून घेऊन एका फटक्यात दोरा ओवून दिला होता.