सत्यशीलाबाईंचा पहिला खिळा

घाटनांदूरच्या कन्याशाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाईंनी आयुष्यात कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता. ऐन तारुण्यात संसार मोडला. माहेरच्या पत्र्याच्या खोलीत भावाचाच संसार मावेना. तेव्हापासून त्या भाड्याच्या खोल्यांतून राहत आल्या. प्रत्येक घरमालकाचा पहिला नियम एकच असे, भिंतीला खिळा मारायचा नाही. आणि अखेरचे वाक्यही एकच असे, ‘बाई, खोली खाली करा.’ कुणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असे, कुणाला गाळे काढायचे असत. बाई वाद घालीत नसत. भांड्यांचे पोते कसे बांधावे, देव कोणत्या वस्त्रात गुंडाळावेत, हे त्यांच्या हातांना इतके अवगत झाले होते की मनाला त्यात पडावे लागत नसे. पुढे पुढे मन इतरही कशात पडेनासे झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी गावातल्याच सुंदररावांचे जुने माळवदाचे घर विकत घेतले. आपल्याला यापुढे कुणी ‘खाली करा’ म्हणू नये, एवढीच त्यांची कामना. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर मातीचे सपाट छप्पर, अशी ती परंपरागत रचना. सुंदररावांनी मातीवर सिमेंटचा थर ओतला होता, खालून प्लास्टिकचे शुभ्र छत बसवले होते आणि खांबांना तपकिरी तैलरंग दिला होता. बाई वर चढल्या तेव्हा पायाखालचे सिमेंट टणक लागले. खाली आल्या तेव्हा मस्तकावरचे छत निष्कलंक दिसले. दोहोंच्या मध्ये काय असेल, हा प्रश्न त्यांना सुचला नाही.

आपल्याकडे घराचा स्तंभ हा पूजेचा अधिकारी मानला आहे. वास्तुशांतीच्या दिवशी बाईंनी मधल्या खांबाला हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या दिवशी, शाळेने निरोपप्रसंगी दिलेले घड्याळ खोक्यातून काढून त्यांनी त्याच खांबावर खिळा धरला.

पहिल्याच घावात खिळा बुडापर्यंत आत गेला. मळलेल्या कणकेत बोट जावे तसा. छिद्रातून पिवळसर भुकटी झरू लागली. बाईंनी दुसऱ्या खांबावर खिळा धरला. तोही तसाच गेला. तिसऱ्या खांबाला त्यांनी नुसता अंगठा दाबला, तर रंगाचा पापुद्राच आत गेला. मग त्यांनी हात धुतले, घड्याळ खोक्यात ठेवले आणि शेजारच्या गल्लीतून रईस मिस्त्रींना बोलावून आणले.

रईसने छताची एक पट्टी उचकटली. ओली माती त्याच्या खांद्यावर पडली.

“या अल्ला! बाई, हे घर हाय का उधईची पंगत? शिमिट वतून मातीतली वल कोंडली, लाकूड उधईनं पोखरलं, अन् प्लास्टिक लावून झाकून टाकलं. तुमी बघितलं न्हाई का?”

“बघितलं होतं. वरूनही आणि खालूनही.”

रईसने तिथूनच सुंदररावांना स्पीकरवर फोन लावला. “काका, बाईंना हे कावून सांगितलं न्हाई?”

“काय सांगायचं बे त्यात? दरसाल माळवदावर माती टाकायला चढायचं कुणी? माझे गुडघे गेले. शिमिट टाकलं, गळायचं थांबलं. आमी बी त्याच्याच खाली झोपत होतो की!”

त्या स्वरात कपट नव्हते. आपण ज्या छपराखाली निजतो त्याकडे त्यांनीही वर मान करून पाहिले नव्हते. बाईंना राग आणता आला असता तर बरे झाले असते. तो आला नाही.

रईसने मान खाजवली. “पावसाच्या आत सगळं उतरवून पत्रे टाकावे लागतेल. तवर, बाई... घर खाली करावं लागल. घरी माझी बायको हुस्ना हायच, आमच्या माडीवर या.”

ते वाक्य ऐकताच बाईंचे हात आपोआप कामाला लागले. भांडी पोत्यात गेली, देव वस्त्रात गेले. पोते उचलून त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“रईसभाई, खाली करते. पण अंगणापर्यंतच.”

“अंगणात? लई विंचू हायत तिथं.”

“असू द्या. ते आता माझेच आहेत.”

अंगणात ताडपत्री बांधली गेली. माळवद उतरले, त्याच्या मातीचा ढीग परसात साचला. दोघांनी उचलावेत असे खांब रईस एकेका हाताने बाहेर आणून टाकीत होता. बाई ताडपत्रीखाली बसून पाहत होत्या. ज्या पत्र्याखाली त्या जन्मल्या, तोच पत्रा पुन्हा डोक्यावर यायचा होता. याचेही त्यांना विशेष काही वाटले नाही.

सगळे उतरल्यावर रईसने भिंतीवर थाप मारली. “भिंती मातर पक्क्या हायत, बाई. दगडाच्या. ठोका आता, कोण आडवतंय?”

बाई खोके घेऊन आत गेल्या. एक खिळा वाकला. दुसरा दोन दगडांच्या सांध्यात इंचाइंचाने शिरला आणि घट्ट बसला. त्यांनी घड्याळ अडकवले. काही वाटेल म्हणून क्षणभर त्या तिथेच उभ्या राहिल्या; हातोडीचा हिसका तेवढा मनगटात उरला होता. वर उघडे आकाश होते. दुपारचे ऊन थेट घड्याळाच्या काचेवर पडून तळपत होते.

“किती वाजले, बाई?” रईसने थट्टेने विचारले.

“दिसत नाही,” त्या म्हणाल्या, आणि ताडपत्रीखाली जाऊन बसल्या.