नानांचा दाबलेला सूर्य

नानांच्या सदऱ्याच्या खिशात कायम कापूस असायचा. कुणी "काय नाना, बरं आहे ना?" एवढं विचारलं, की ते तो बाहेर काढून फुलवायचे आणि मुठीत आवळायचे. "वजन वाढलं? नाही. मग बदललं काय?" उत्तरही तेच द्यायचे, "आकारमान घटलं, घनता वाढली. ताऱ्याचं आयुष्य म्हणजे एवढंच." तब्येतीची चौकशी करायला आलेला माणूस सूर्याची तब्येत ऐकून घरी जायचा.

जळगावकडच्या एका जिनिंग-प्रेसमधून निवृत्त होऊन ते धुळ्याला आमच्या शेजारी राहायला आले होते. प्रेसमधून निघालेली कापसाची दाबलेली गाठ हाताला कोमट लागते, या अनुभवावर त्यांनी सगळं आकाश उभं केलं होतं. तारा जळत नाही, स्वतःच्याच वजनाखाली दाबला जातो, म्हणून तापतो. "बठ्ठा दाबना खेळ शे," सगळा दाबाचाच खेळ, हे त्यांचं पालुपद. आतून त्यांच्या पत्नी अक्का म्हणायच्या, "माझा कुकरही त्यातच धरा."

मग एका मंडळानं त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी त्यांना खान्देशचं भूषण ठरवलं; सिद्धांत कोणता, हे विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. शेवटी नाना उठून म्हणाले, "कुणाला शंका?" अध्यक्ष म्हणाले, "शंका कसली नाना, सगळ्यांना पटलंय. जेवण तयार आहे."

परतताना रिक्षात नाना शाल मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "मास्तर, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतो. माझं खरं की खोटं, हे कळल्याशिवाय मला जायचं नाही. कुठं चुकतंय?"

मी म्हणालो, "नाना, नुसत्या दाबावर सूर्य दोन-तीन कोटी वर्षंच तापेल. आपल्या सोनगीरच्या किल्ल्याखालचा दगड त्याहून जुना आहे."

"म्हणजे दगड आधी, सूर्य नंतर?"

"तुमच्या हिशेबानं, हो. तारा जन्मतो तेव्हा आणि विझत येतो तेव्हा दाबाचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मधल्या काळात आत हायड्रोजनचं हेलियम होतं, उष्णता त्यातून येते."

"मधला काळ म्हणजे किती?"

"जवळजवळ सगळं आयुष्य."

नाना इतके हसले की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. "चूक सापडनी," ते म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी ते हेलियम शिकायला आमच्या ओट्यावर येत. माझे विद्यार्थी कधी इतक्या नेमानं आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. शोकसभेत त्याच अध्यक्षांनी सांगितलं, की नानांचा सिद्धांत जगाला अजून कळायचा आहे. माईक माझ्याकडे आला. मी म्हणालो, "नाना चुकले होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं." सभा अवघडली. अध्यक्षांनी हळूच माईककडे हात नेला.

पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलेल्या अक्कांनी वर पाहिलं. "राहू द्या त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "कुठं चुकले, ते पुरं सांगू द्या."