बोर्डवाले आबा

मलकापुरात बोर्डवाले आबांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. लष्करातल्या सिग्नलच्या नोकरीतून परतलेला हा माणूस यंत्रांतले बंद पडलेले सर्किट बोर्डही उभ्यानेच दुरुस्त करायचा. आसपासच्या दूध डेऱ्यांची फॅट मोजणारी यंत्रं त्यांच्याच जिवावर चालायची. कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे शिकायला जायचे, तेव्हा आबा मीटरची सुई चिपच्या एकेका पायाला लावत म्हणायचे, "इचार तिला, कुठं दुखतंय. सांगती ती."

एका खंडेनवमीला त्यांनी हत्यारांबरोबर डेरीच्या दुरुस्त बोर्डाचीही पूजा केली, ओल्या कुंकवाने! दसऱ्याच्या सकाळी यंत्र अख्ख्या गावच्या म्हशींना फॅट शून्य दाखवायला लागलं. रांगेत नुसता गोंधळ. आबांनी तिथंच स्पिरिटने बोर्ड पुसला आणि वर म्हणाले, "देवाला कोरडं कुंकू चालतंय, मला काय ठावं!"

गेलं वर्ष तर चिपचंच होतं. कुठे नव्या कारखान्याची पायाभरणी, कुठे देशात बनलेली पहिली चिप, कुठे आणखी बारीक चिप. आबा बातमी गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवत आणि लगेच मला बंगळुरूला, मी चिप आखायचे त्या कंपनीत, फोन लावत. "तुझी कवा येती गं?"

आमचीही आली. दूध तपासणाऱ्या यंत्रासाठीच केलेली. दिवाळीला मी तिचा बोर्ड ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. भिंगातून बघत त्यांनी तो उलटासुलटा केला.

"हिचं पाय कुठं हायत?"

"पोटाखाली, आबा. दिसत नाहीत."

"मग बिघाड झाला तर?"

"अख्खा बोर्ड बदलायचा," मी फुशारकीनेच सांगितलं, आणि काय बोलून बसले ते मग कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा दारापर्यंत जाऊन आले, पुन्हा गेले. "लय झ्याक केलंस गं," म्हणाले. मग हळूच, "म्हंजी आता माझं काम न्हाई."

होळीपर्यंत डेऱ्यांनी नवी यंत्रं घेतली. आबांनी दुकानाला कुलूप लावलं.

पुढच्या बोर्डाचा आराखडा ठरवायच्या बैठकीत मी हट्टाला पेटले, की मीटर लावायला चार जागा उघड्या ठेवाच. साहेब वैतागले. "कुणासाठी? दुरुस्त करणारं उरलंय कोण?"

दुकान बंद होऊन दोन महिने झालेत, हे मला ठाऊक होतं. तरी मी आबांचं नाव सांगितलं.