साडेतीनची चौकशी

नसती उठाठेव करायची मला खोड आहे, हे आधीच कबूल करते. ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीत बसून वीस वर्षं झाली. कोण कुठलं पुस्तक का नेतं, याचा छडा लावल्याशिवाय मला अन्न पचत नाही. त्यामुळे खळताईचं काहीतरी वेगळं चाललंय, हे सगळ्यांत आधी मलाच कळलं.

खळताई आमची पुस्तकं दुरुस्त करते. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून हे नाव. मागच्या खोलीत ती फाटक्या पुस्तकाची पानं शिवते, त्याला नवी पाठ चिकटवते आणि दिवसभर दाबयंत्रात ठेवते. मधेच कुणी यंत्राचा दांडा फिरवून डोकावलं की खेकसायची, "बघितल्याने लवकर चिकटतं का?" आणि हीच बाई आता तासातासाला यंत्र उघडून बघू लागली! तीन पुस्तकं वाकडी झाली. शिवाय घडीघडी संडासात जायची आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत यायची.

मी काय ते ताडलं, पण विचारायची हिंमत होईना. दीड वर्षापूर्वी दिवस गेल्याचं तिने सगळ्यांना हसत सांगितलं होतं. पुढे सगळं संपलं, तेव्हा मी रजेवर होते. परत आल्या आल्या मी खिडकीतूनच ओरडले, "काय गं, उलट्या थांबल्या का?" "थांबल्या," म्हणत ती मागच्या खोलीत गेली. खरं काय ते कळलं, तेव्हा जीभ उपटून टाकावीशी वाटली मला.

म्हणून या वेळी तोंडाला कुलूप. आठ दिवस! नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शेवटी तीच आली. "काकू, तुम्हाला कळलंय ना?"

"मला? काय?"

"राहू द्या. तुम्हाला कळलं नाही असं काही असतं का?" ती स्टुलावर टेकली. "आठवा आठवडा आहे. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. नवरा आणि सासूबाई म्हणतात, चांगलाच विचार कर. मला मात्र सारखं वाटतं, आता गेलं. एक काम कराल? रोज साडेतीनला, चहाच्या वेळी, मला विचारा. दिवसभराची भीती मी तोवर राखून ठेवीन."

"मी? अगं, त्या दिवशी मी काय बोलले..."

"म्हणून तर. बाकी सगळे असे वागले, जणू काही झालंच नव्हतं. एकट्या तुम्हीच विचारलंत."

तेव्हापासून साडेतीनला मी दोन कप घेऊन मागच्या खोलीत. "काय म्हणतंय?" मग ती सांगायची: मळमळ कमी झालीय, पोटात बारीक कळ आली, वाईट स्वप्न पडलं. कधी रडायची. धीर देण्यात मी ढ, म्हणून नुसतं ऐकायचे. चहा संपला की विषय संपला. अकरा वाजता तिचा हात दांड्याकडे गेला तरी ती घड्याळ बघायची आणि पुन्हा सुई उचलायची.

मग तो दिवस आला. नऊ आठवडे, चार दिवस. मागच्या वेळी इथेच संपलं होतं. मी कप घेऊन गेले आणि विचारायचं सोडून चहावरची साय काढत बसले.

"विचारा ना, काकू."

"काय... काय म्हणतंय?"

"भीती वाटतेय. खूप. पण अजून आहे." तिने चहा संपवला. "उद्याही विचारा."

"उद्या सुट्टी आहे."

"मग फोन करा."

केला. तीन एकोणतीसलाच, एका मिनिटाचाही दम निघेना. तिने पहिल्याच घंटेला उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आहे, काकू."