दुमानच्या बोटीतलं वजन

माझा धाकटा भाऊ दुमान भित्रा. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, त्याला राग येत नाही. लहानपणी तो विहिरीत डोकावायचा नाही, आणि मोठा होऊन झाला काय, तर बोटींची इंजिनं बसवणारा. आमच्या बेटावर समुद्रात पिंजरे टांगून एका जातीचे मोठे शिंपले वाढवतात आणि बोटी भरभरून ओलं शेवाळ त्यांना खायला नेतात. प्रत्येक घराची एक बोट, आणि प्रत्येक बोटीपायी दुमानची झोप उडालेली.

या बोटींचं इंजिन आत असतं. मागच्या बाजूला, बाहेर, एक लोखंडी पाय पाण्यात लोंबतो. पुरुष त्याला ड्राइव्ह म्हणतात, आम्ही बायका पायच म्हणतो. इंजिनाचा जोर पायातल्या दात्यांवरून उतरून टोकाच्या पंख्याला फिरवतो. इंजिन दांडगं आणि पाय किरकोळ, तर दाते तुटतात. पाय दांडगा आणि इंजिन किरकोळ, तर बोट नुसती धापा टाकते. या दोघांचं जुळवून देणं हे दुमानचं काम. पोरीसाठी स्थळ बघताना आमच्या आईनं केली नसेल एवढी चौकशी तो करायचा.

रिकाम्या बोटीवर चाचणी घ्यायची नाही, हा त्याचा नियम. रिकामी बोट कशीही पळते, भरल्यावर रडते. उन्हाळ्यात तो शेवाळ भरायचा. थंडीच्या तोंडावर शेवाळ नसतं, तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना भरायचा. वाळूची पोती का नाही, असं विचारलं तर म्हणायचा, "पोती चढवायला माणसं लागतात ताई. तुम्ही आपल्या पायानं चढता." आम्ही उकडलेली रताळी बांधून घ्यायचो, पाठीला पाठ लावून बसायचो आणि सुना सोडून सगळ्यांबद्दल चांगलं बोलायचो.

एका वर्षी जिंदोवालीच्या पिलगूनं दांडगं इंजिन आणलं. जिंदोवाली म्हणजे जिंदोहून इथे नांदायला आलेली, माझी शेजारीण. पिलगू तिचा एकुलता एक. पाय मात्र त्याला जुनाच ठेवायचा होता.

"हा पाय या इंजिनाला पुरायचा नाही," दुमान म्हणाला.

"बाबांनी बसवलेला आहे, काका. त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय बोटीत."

आता वडील गेलेल्या पोराला काय सांगणार. दुमाननं चार दिवस पाय उघडला, पुसला, पुन्हा मिटला आणि शेवटी म्हणाला, "बघू या. पण वेगाचं हँडल अर्ध्याच्या पुढे गेलं नाही पाहिजे."

डुकराचं मुंडकं ठेवून पूजा झाली, तांदळाची दारू समुद्राला दिली आणि आम्ही चढलो. दुमाननं आम्हाला मागे, पायाच्या अगदी वर बसवलं, कारण शेवाळ तिथेच रचतात. पण तिथे धूर, आणि खालून असा हादरा की दात वाजत होते.

"माझी आतडी जागेवर नाहीत," आमच्यातली हेनामवाली म्हणाली आणि पुढे सरकली.

तिच्यामागे दुसरी सरकली. मग मीही. थोड्या वेळात आम्ही सगळ्या पुढच्या टोकाला, गार वाऱ्यात. दुमान झाकण उघडून इंजिनाला कान लावून बसला होता, त्याला दिसलं नाही. पिलगूला दिसलं. पण मागचा भार हलका झाल्यावर बोट अशी पळायला लागली की तो गप्प राहिला, आणि हँडल आणखी पुढे ढकललं.

तोवर आम्ही दोन बेटांमधल्या खिंडीत शिरलो होतो. ओहोटीला तिथलं पाणी नदीसारखं धावतं, आणि खिंडीच्या तोंडाशी काळे खडक आहेत. एका लाटेवर बोटीचं नाक खाली गेलं, मागची बाजू उचलली आणि पंखा पाण्याबाहेर आला. इंजिन किंचाळलं.

"मागे या!" दुमान ओरडला. "आधी हँडल मागे ओढ रे, पिलगू!"

आम्ही घाबरून सगळ्या एकदमच मागे धावलो. बोट धपकन बसली, गरगर फिरणाऱ्या पंख्याला अचानक पाणी लागलं आणि खालून कड्ड आवाज आला. मग इंजिन अगदी हलकं वाजायला लागलं, छान. आणि बोट जागची हलेना. म्हणजे हलत होती, पण पाणी नेईल तिकडे.

"काय झालं?" जिंदोवालीनं विचारलं.

"दाते गेले," दुमान म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं इंजिन बंद केलं. तेव्हा खडकांवर फुटणारं पाणी ऐकू आलं. ते ऐकण्यापेक्षा इंजिन चालू राहिलेलं बरं होतं.

पिलगूनं नांगर टाकला. तो तळाच्या कातळावरून घसरत राहिला. वेग कमी झाला, एवढंच. खडकांवरचं शेवाळ दिसायला लागलं. पिलगूला पोहता येतं, त्यानं बूट काढले.

"कुठे निघालास?" त्याची आई म्हणाली.

"दोर घेऊन बाजूच्या पिंजऱ्यांपर्यंत जातो."

"या पाण्यात? घाल बूट." तिनं त्याच्या कमरेचा पट्टा धरला तो सोडला नाही.

पिंजऱ्यांची पिवळी तरंगती पिंपं डावीकडून सरकत होती. शेवटच्या पिंपाच्या दोरापर्यंत दुमाननं आकड्याची काठी लांबवली. एकदा निसटली. दुसऱ्यांदा दोर आकड्यात आला, आणि दोरानं दुमानलाच बाहेर ओढायला सुरुवात केली. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, हेनामवालीनं माझ्या. बाकीच्यांनी दोर धरला. जन्मभर आम्ही समुद्रातून दोरच ओढलेत, पण त्या दिवशी आमच्यासकट अख्खी बोट त्याला टांगलेली होती. दोर बोटीच्या खुंट्याला गुंडाळेपर्यंत माझ्या तळहाताची साल निघाली होती.

धक्क्यावरच्या लोकांनी पाहिलं होतं. त्यांची बोट आली आणि आम्हाला ओढून नेलं. दुमान वाटेत एवढंच म्हणाला, "मी नाही म्हणायला हवं होतं."

"नंतर," जिंदोवाली म्हणाली. पट्टा अजून तिच्या हातात होता.

पिलगूनं आपणहून दांडगा पाय मागवला. बापाचा पाय त्यांच्या अंगणात आहे, त्यावर जाळी वाळत घालतात. नव्या चाचणीच्या दिवशी आम्ही रताळी बांधून आलो, तर दुमाननं बोटीत पाण्याची पिंपं भरलेली.

"आणि आम्ही?"

"तुम्ही इथेच थांबा, ताई. पिंपं उठून पुढे जात नाहीत."

दुमान आणि पिलगू दोघंच गेले. बोट टेकडीआड गेल्यावर नुसता आवाज राहिला. बोटीत बसून भिण्यापेक्षा हे वाईट होतं, कारण धरायला काही नव्हतं. जिंदोवालीनं माझा सालटलेला हात दाबून धरला, मी दुखतंय म्हणाले नाही.

"आवाज जवळ येतोय की लांब जातोय?" तिनं विचारलं.

"जवळ," मी म्हणाले. मला काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं टेकडीआडून नाक दिसलं. पिलगू उभा होता. दुमान धक्क्यावर उतरला आणि पहिल्याच पायरीवर बसला.

"जुळलं," तो म्हणाला. मग बोटीकडे वळून बघत, "तरी एकदा पुन्हा बघून यावं का?"

"तू ये बघून," जिंदोवाली म्हणाली. "माझा मुलगा जेवायला घरी येतोय."