दुसऱ्या कप्प्यातली तपकिरी बाटली

हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, पोरांना न्हाय. तुळजापूरला आईच्या पायरीवर कितींदा डोकं टेकवलं, तिथंबी हे ओठावर आलं अन् गिळलं. आज लिहितोय. शिक्षण माझं उर्दू तिसरीपर्यंत, मराठी अक्षर मागनं स्वतः गिरवलेलं. लिहिण्यात चुका असतील. त्यांची लाज न्हाय मला. दुसऱ्याच एकीची हाय.

निजामाच्या अंमलात मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. गावाचं नाव कशाला? आपल्याच जिल्ह्यातलं, तालुक्याचं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डोळ्यात औषध टाकायचं. डाक्टर हैद्राबादचे. तोंडानं उर्दू, पण कागदावर सगळं इंग्रजी — कुणाला काय, किती थेंब, किती वेळा. बाटल्यांवरची लेबलंबी इंग्रजीच. अन् मला इंग्रजी वाचता येतंय असं सगळा दवाखाना धरून चालला होता. का? म्याच तसं सांगितलं होतं, नोकरीला लागलो त्या दिवशी.

येत न्हवतं. एक अक्षर येत न्हवतं. मग इतकी वर्षं कसं निभलं? बाटल्यांच्या जागा पाठ होत्या — दुसरा कप्पा, डावीकडनं तिसरी. डाक्टर फेरीत बोलायचे ते ध्यानात ठेवायचो, अन् कागद हातात धरून मान हलवायचो. बघणाऱ्याला काय कळतंय?

एकीला कळलं. जैनब तिचं नाव. विशी-बाविशीची पोर, बाप नसलेली, आईला सांभाळणारी. नर्स म्हणून नवीच लागली होती. उर्दू मोत्यासारखं, पण नर्सला इंग्रजी लागतंच म्हणून झपाटल्यागत शिकायची. एक वही होती — वर इंग्रजी शब्द, खाली उर्दूत अर्थ. अडलं की थेट डाक्टरांना विचारायची. पाळी बदलताना कुणाला किती ताप, कुणाला कोणतं औषध कधी दिलं, ते मोडक्या इंग्रजीत लिहून ठेवायची. मी हसायचो. "काय गं, मडम व्हायचंय का तुला?"

"मडम कायकू भाई? गलत दवा गई तो मरीज मरता, मैं नहीं मरती."

पहिल्या महिन्यात तिनं मलाच एक शब्द विचारला होता. म्या म्हणलं, डोळे दुखतायत. दुसऱ्यांदाबी माझे डोळेच दुखले. तिसऱ्यांदा तिनं विचारलं न्हाय. त्या दिवसापासनं ती रोग्याचा कागद घेऊन माझ्या शेजारी उभी राहायची, मोठ्यानं वाचायची, मग उर्दूत अर्थ म्हणायची — जणू स्वतःच पाठ करतीय. ती मला सांगत होती. माझी झाकली मूठ झाकलेली ठेवून सांगत होती. मला कळत न्हवतं? कळत होतं की. अन् उपकार वाटायचं सोडून अंगाचा तिळपापड व्हायचा. कालची पोर मला शिकवतीय!

खंडेनवमीला आमी दवाखान्यातले हिंदू नोकर कात्र्या, चिमटे, सुऱ्या मांडून पूजा करायचो. डाक्टर मुसलमान, पण प्रसादाचं खोबरं हौसेनं खायचे. त्या साली कपाटबी धुवायचं ठरलं. बाटल्या खाली काढल्या, पुसल्या, अन् शिपायानं त्याच्या मर्जीनं परत लावल्या. म्या बघितलं न्हाय. मला दसऱ्याच्या बाजाराला गावात जायचं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माकणी गावची एक बाई आली, डोळ्यात खुपऱ्या झालेल्या. जैनब आतल्या खोलीत बाळंतिणीपाशी होती. डोळ्यात टाकायचं पातळ औषध तपकिरी बाटलीत असायचं. जखमेवरचं वाढलेलं मांस जाळायचं कडक औषधबी तसल्याच बाटलीत. वास दोन्हीला न्हाय. म्या नेहमीच्या जागेवरची उचलली. हाताला जरा जड लागली — शंका आली होती मला. शंका आली न्हवती असं म्हणायची सोय न्हाय. जैनब वीस पावलांवर होती. "हे वाच गं" — एवढी एक हाक मारायची होती.

मी? त्या पोरीला विचारू?

बाईच्या उजव्या डोळ्यात थेंब टाकला. ती जी किंचाळली — डाक्टर धावत आले, पाण्यानं डोळा धूधू धुतला. डोळा गेला.

"किसने दी ये बाटली?"

अन् माझ्या तोंडातनं निघालं — निघालं कसलं, म्या काढलं — "जैनब ने दी साब. पढ़ को दी. नई है, अंग्रेजी कच्ची है उसकी."

जैनबला बोलावलं. ती रडली न्हाय. माझ्याकडं बघतच म्हणाली, "साब, दोनों के सामने बाटली रखो. पढ़ को बतायेंगे."

डाक्टरांनी माझ्याकडं बघितलं. म्या छाती काढून म्हणलं, "बारा साल की नौकरी है मेरी. इस छोकरी के बराबर इम्तिहान दूं?" डाक्टरच ओशाळले. "नहीं नहीं, तुमको कौन बोलता." मग ती पहिल्यांदाच बोलली, जे इतके दिवस पोटात ठेवलं होतं — की ह्यांना वाचता येत न्हाय. सगळे हसले. मीबी हसलो.

तिला काढलं. कुठंच परत घेणार न्हाईत असा शेरा लिहून काढलं. आईला घेऊन मुरुमकडं गेली म्हणं. पुढचं मला ठावं न्हाय. म्या शोधलंबी न्हाय. त्यानंतर म्या डाक्टरांकडनं एकेक नाव वदवून घेऊन बाटल्यांवर उर्दू चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, "नर्सांची चूक व्हायला नको" म्हणून, अन् डाक्टरांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, लई मुसलमान घरं उठली. तवा मनाला समजावलं — तिची नोकरी तशीबी टिकली नसती. हे समजावणं त्या खोट्यापेक्षा हलकं न्हाय.

माकणीची ती बाई पुढं कैक वर्षं दवाखान्यात यायची, कधी पोराचं खरचटलेलं घेऊन, कधी स्वतःचं भाजलेलं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाय. "दादा, तुमच्याच हातानं बांधा. त्या सटवीनं माझा डोळा खाल्ला." बोटं मोडून जैनबला तळतळाट द्यायची. मी पट्टी बांधत ऐकायचो. एकदा तर म्या "व्हय" म्हणलं.

ती बाई ह्याच समजुतीत मेली. बाटली म्या काढली होती. थेंब म्या टाकला होता. जैनबनं त्या दिवशी कपाटाला हातसुदीक लावला न्हवता.